रंग न धरणारा काप

१

हिस्के टेर्प्स्ट्राच्या रागाला वेळापत्रक होतं. सकाळी पावणेआठला सायकल लावताना तो वाऱ्यावर असायचा, आठ वाजता रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या ठिबकणाऱ्या नळावर, आणि साडेआठपासून संध्याकाळपर्यंत डॉक्टर रूलोफ्सवर. नळाला चार शब्द सुनावले की साडेआठपर्यंतचा वेळ तेवढा शांततेचा. त्या वेळात ती रंग गाळायची. रात्रभरात रंगाच्या तोंडावर मोरपंखी चकाकणारी साय धरायची, ती गाळणकागदावर राहायची आणि खाली थेंब थेंब काळंलाल पाणी उतरायचं.

हा रंग ती स्वतः बनवत असे, एकोणतीस वर्षं. मेक्सिकोकडच्या कुठल्याशा झाडाच्या गाभ्याची पूड अल्कोहोलात विरघळवायची, त्यात तुरटी, ग्लिसरीन, जरासं आम्ल घालायचं, बाटलीला कापसाचा बोळा लावायचा आणि ती दक्षिणेच्या खिडकीत ठेवून द्यायची. मग नुसती वाट बघायची. पुस्तकात दोन महिने लिहिलेले, पण पुस्तक लिहिणारा फ्रीसलंडमध्ये राहत नसावा. इथे उन्हाचा पत्ता नसतो, म्हणून तीन महिने. रंग मुरला की त्याला पिकल्या फळासारखा वास यायचा, आणि त्याचा थेंब नळाच्या पाण्यात टाकला की तो निळा व्हायचा.

रंगाचं काम एकच. माणसाच्या अंगातून कापून काढलेल्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काचपट्टीवर घ्यायचे, आणि त्यातल्या प्रत्येक पेशीचं केंद्रक निळं करून दाखवायचं. बाकीची पेशी दुसऱ्या एका रंगाने नुसती गुलाबी होते. केंद्रक दिसलं की डॉक्टरला कळतं, पेशी धड आहे की बिघडलेली. केंद्रकच दिसलं नाही, तर पट्टीकडे बघून काय करणार? कपाळ?

डॉक्टर रूलोफ्स दोन वर्षांपूर्वी देशाच्या पश्चिमेकडून बदली होऊन आला होता. कारखान्यातल्या तयार बाटल्यांचा त्याला भारी सोस. रोज खिडकीजवळून जाताना तो विचारायचा, "काय हिस्केबाई, लोणचं मुरलं का?" आणि स्वतःच हसायचा. काप कापणारी बाउक्ये मान खाली घालायची. हिस्केचे कान लाल व्हायचे.

२

एप्रिलमधल्या एका मंगळवारी तो पट्टी हातात धरून आला, तेव्हा हसत नव्हता.

"हे काय आहे?"

"काचपट्टी," हिस्के म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. बघा जरा आत."

तिने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून डोळा लावला. गळ्याच्या गाठीचा काप होता. अशा गाठीत पेशींची नुसती दाटी असते आणि प्रत्येकीत ठसठशीत केंद्रक, त्यामुळे रंगवलेली गाठ नुसत्या डोळ्यांनीही निळी दिसते. ही सगळी गुलाबी होती. पेशी होत्या, त्यांच्या कडा नीट होत्या, रांगा नीट होत्या. मधे काहीच नव्हतं. बी नसलेल्या द्राक्षांचा घड असावा तशा त्या पेशी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"तुमचं लोणचं नासलंय," डॉक्टर म्हणाला.

हिस्केच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पट्ट्या उभ्या लावायच्या याच घोडीवर आणखी अकरा होत्या. एकाच डब्यात, एकाच वेळी बुडवलेल्या. त्या अकरा निळ्या आल्या आणि ही एक नासली? रंग काय माणसं ओळखून चढतो?"

"मग जादा रंग उतरवायच्या आम्लात तुम्ही ही जास्त वेळ ठेवली असेल. वय होतं, हात थरथरतो..."

"हात?" तिने दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. "बघा! थरथरतात? आणि थरथरलेच तर का थरथरतात तेही सांगते!"

"पुन्हा करा," तो म्हणाला आणि त्याने आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तिने पुन्हा केली. वीस मिनिटं रंगात ठेवली, आम्लात फक्त एकदा बुचकळली, दहा मिनिटं नळाच्या पाण्याखाली धरली. बाकीच्या पट्ट्या पाण्यात लालच्या जांभळ्या आणि जांभळ्याच्या निळ्या झाल्या. एका पट्टीवरून रंग निथळून गेला, तेलकट ताटावरून पाणी जावं तसा.

पट्टीवर नाव होतं सीत्से वीर्स्मा.

३

बुधवारी तिने असा प्रयोग केला की वकिलालाही बोलायला जागा उरू नये. एकाच पट्टीवर दोन काप घेतले. डावीकडे कुणाच्या तरी जुन्या आंत्रपुच्छाचा, जो ती रोज रंगाची परीक्षा घ्यायला वापरायची. उजवीकडे सीत्सेचा. एकच पट्टी, एकच रंग, एकच पाणी.

डावा काप निळा झाला. उजवा गुलाबी राहिला.

"आता बोल," ती बाउक्येला म्हणाली, जणू बाउक्येनेच आरोप केला होता.

"मी कुठे काय म्हटलं बाई?" बाउक्ये पट्टीकडे बघत होती. "पण हे असं मी शवागारातल्या तुकड्यात पाहिलंय. तो म्हातारा आठवतो? उन्हाळ्यात आठवडाभर घरात पडून होता तो? त्याच्या केंद्रकांचंही असंच झालं होतं."

"त्याच्या पेशीही फाटल्या होत्या. या धडधाकट आहेत."

"तेच तर," बाउक्ये म्हणाली.

हिस्केला ते आवडलं नाही. ती तरातरा शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेली. तिथल्या परिचारिकेला हा माणूस लक्षात होता. समुद्राच्या बांधात जी दारं आहेत, ती उघडून शेतांचं पाणी सोडणारा राखणदार. स्वतःच्या पायांनी आला, गळा बधिर करून गाठ काढून घेतली, टोपी घातली आणि सायकलवर बसून गेला.

"काही विशेष?"

"विशेष कसलं? उलट सगळ्यात सोपा रोगी." परिचारिकेने जरा आठवून पाहिलं. "कापूस लागलाच नाही. मी बोळे काढून ठेवले होते, तसेच परत डब्यात टाकले. शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणाले, वा, आज हात साधला."

हिस्के परत येताना स्वतःशीच भांडत होती. कुणाचं रक्त कमी वाहतं, कुणाचं जास्त. औषध टोचलं की शिरा आकसतात. त्यात एवढं काय? तिने सामानाच्या खोलीतून कारखान्याची तयार बाटली आणली, जिला ती दोन वर्षं हात लावत नव्हती, आणि त्या रंगातही सीत्सेचा काप बुडवला. निदान तिथे तरी केंद्रकं दिसावीत, आपलीच चूक निघावी, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. दिसली नाहीत.

४

गुरुवारी खिडकीच्या काचेवर कुणीतरी मुठीने ठोकलं. बाहेर डोक्याला रुमाल बांधलेली, उंच, हाडापेराने मोठी बाई उभी होती.

"येल्त्ये वीर्स्मा. सीत्सेची बायको. ही माझी तिसरी खेप आहे, बाई! चौदा किलोमीटर सायकल मारते मी, तोंडावर वारा घेऊन. आणि इथे काय ऐकायचं? रंग नीट नाही! घराला द्यायचाय का रंग? माणूस आहे तो!"

हिस्केला ती बाई एकदम आवडली.

"रंग नीट आहे," ती म्हणाली. "कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुमचा तो सुकलेला बोंबील. चष्मेवाला."

मागे बाउक्येला ठसका लागला. हिस्केने खिडकी पूर्ण उघडली. येल्त्येने दोन्ही कोपर चौकटीवर टेकले, आणि तिचा आवाज खाली आला.

"फेब्रुवारीत तो बांधाच्या दारापाशी पाण्यात पडला. बर्फ होतं. गावातल्यांनी आकडे टाकून काढला. किती वेळ आत होता, ते कुणी मला सांगत नाही. मी पोचले तेव्हा सगळे मयतापाशी राहतात तसे टोप्या काढून उभे होते. आणि हा उठून बसला की! म्हणाला, चल घरी. मी आधी त्या टोपीवाल्यांना झोडपलं, मग याला घरी नेलं."

"बरं झालं की मग."

"झालं ना. जेवतो. कामावर जातो. पण भूक लागली असं कधी म्हणत नाही. त्याची खुर्ची पार खिळखिळी, मांजर बसलं तरी वाजते. तो बसला की वाजत नाही. तीस वर्षं घोरण्यावरून मी त्याला लाथा घातल्या. आता रात्र रात्र कान देऊन पडते, तर काहीच ऐकू येत नाही." तिने नाक पुसलं. "मग गळ्यात ही गाठ आली. मला वाटलं, चला, कारण तरी सापडलं. तर आता तुम्ही सांगा. वाईट असलं तरी चालेल. मी रडेन, भांडी फोडेन, त्या बोंबलाचा चष्मा फोडेन. पण मला खरं काय ते कळायला हवं. माझ्या घरात काय आहे?"

"सोमवारी या," हिस्के म्हणाली. "मी स्वतः सांगेन."

"खरं?"

"खरं."

५

डॉक्टर रूलोफ्सने दोन कापांची ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग डोळा दूर केला आणि दिवा बंद केला. पुन्हा लावला नाही.

"तयार बाटलीतही?" त्याने विचारलं.

"तयार बाटलीतही. आता म्हणा लोणचं!"

त्याची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत होती. बाहेर दहाची कॉफी वाटली जात होती. कपबशांचा आवाज आला, बिस्किटाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच बंद झालं.

"तुम्ही काय लिहायला सांगता?" तो हळूच म्हणाला. "हा तुकडा कापण्याच्या आधीपासून मेलेला होता, असं? सबंध? आणि ज्याचा आहे तो सायकलवरून घरी गेला, असं?"

"जे दिसतंय ते लिहा. केंद्रकं नाहीत. त्याला पुन्हा बोलवा, दुसरीकडचा तुकडा घ्या, मोठ्या शहरात पाठवा. तुम्ही डॉक्टर ना? की नुसत्या तयार बाटल्या मोजता?"

"दुसरीकडचा तुकडा?" त्याने तिच्याकडे पाहिलं. तेव्हा तिला कळलं की हा माणूस घाबरलाय. दुसरा तुकडा कसा दिसेल हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्याने कागद पुढे ओढला आणि लिहिलं: साधी सूज. चिंतेचं कारण नाही. सही केली.

"हे खोटं आहे," हिस्के ओरडली. "निखालस खोटं! लाज नाही वाटत?"

"मग दुसरं लिहितो. प्रयोगशाळेच्या रंगात दोष, तपासणी निकामी. तेही खपेल. उद्या तुमची बाटली मोरीत ओतू आणि परवापासून तुम्ही घरी. निवृत्तीला किती राहिलंय, दोन वर्षं ना?" तो नजर चुकवून बोलत होता. "नाहीतर राहू द्या ती खिडकीत. मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही."

हिस्केने टेबलावर हात आपटला. तोंडाला येईल ते बोलली. भित्रा म्हणाली, सुकलेला बोंबील म्हणाली. बाहेरच्या कपबशा गप्प झाल्या. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर तिने तो कागद उचलला.

सोमवारी येल्त्ये आली. हिस्केने खिडकी उघडली आणि म्हणाली, "साधी सूज आहे. चिंतेचं कारण नाही."

येल्त्येने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"स्वतः पाहिलं."

मग ती उंच, दांडगी बाई खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. "म्हणजे मीच वेडी. मीच आपली काहीतरी ऐकत बसले. आता शांत झोपेन हो बाई, त्याच्या कुशीत." पुढच्या आठवड्यात तिने साखरपाव पाठवला. बाउक्येने दोन तुकडे खाल्ले. हिस्केने तुकडाही मोडला नाही. त्या दिवशी ती जो भेटेल त्याच्यावर खेकसली आणि कशासाठी ते कुणालाच कळलं नाही.

६

ऑक्टोबरात तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या एका बाटलीवर तिने नाव वाचलं: येल्त्ये वीर्स्मा. गळ्याची गाठ.

तिने ती बाउक्येकडे दिली नाही. मेणात बसवणं, काप कापणं, कोमट पाण्यावर तरंगवून पट्टीवर घेणं, सगळं स्वतः केलं. रंग उन्हाळ्यात मुरलेला, आजवरचा सगळ्यात चांगला उतरलेला होता. पाण्याखाली पट्टी धरली तेव्हा काप निळा होऊ लागला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग निळं पसरायचं थांबलं. अर्धा काप निळा, अर्धा गुलाबी.

सूक्ष्मदर्शकाखाली मधली सीमा दिसत होती. एका बाजूला केंद्रकंच केंद्रकं, दाट, जिवंत निळी. दुसऱ्या बाजूला रिकाम्या पेशींच्या रांगा. आणि दोहोंच्या मधे पुसट होत चाललेल्या, फिक्या राखाडी ठिपक्यांचा एक पट्टा. त्यातलं एक केंद्रक तिने मुद्दाम हेरलं. फिकं होतं, पण होतं. काचेवर त्याच्या बरोब्बर वर शाईचा बारीक ठिपका दिला आणि ती कॉफीला गेली. कॉफी न पिता परत आली.

शाईच्या ठिपक्याखालची पेशी रिकामी होती. फिका पट्टा चार-पाच पेशी पुढे, निळ्या बाजूला सरकला होता.

पट्टी हलली असेल, तिने स्वतःला बजावलं. ठिपका चुकीच्या जागी दिला असेल. फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेलं, मेणात शिजवलेलं मांस आहे हे. यात आता काही होत नसतं, हे एकोणतीस वर्षं ती शिकाऊ मुलींना सांगत आली होती. तिने पुन्हा डोळा लावला. या वेळी डोळा हटवला नाही. निळ्या बाजूच्या कडेचं एक केंद्रक तिच्या देखत फिकं झालं, आणखी फिकं झालं आणि गेलं.

ती पट्टी घेऊन डॉक्टरकडे गेली. त्याने सूक्ष्मदर्शकावरचं कापडसुद्धा काढलं नाही. कागद तयारच होता: साधी सूज. चिंतेचं कारण नाही. सहीची शाई वाळलेली होती.

"अर्धी आहे अजून!" हिस्के म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "अहो, अर्धी बाई निळी आहे अजून!"

"तुमची बाटली खिडकीतच आहे ना?" तो म्हणाला. "मग झालं तर."

तिने त्याचा चष्मा ओढून जमिनीवर टाकला आणि त्यावर पाय दिला. मग कोट चढवला आणि सायकल काढली.

७

भर दुपार होती. बांधावर वारा समोरून येत होता. चौदा किलोमीटर ती एकच वाक्य घोकत गेली: मी खोटं बोलले, तिथून निघा. मार खाण्याची तिची तयारी होती. येल्त्येचा हात चांगला दणकट होता.

घर बांधाच्या आतल्या अंगाला, पाणी सोडायच्या दारांच्या शेजारीच होतं. दार उघडं होतं. स्वयंपाकघर स्वच्छ, खिडकीत कुंड्या, टेबलावर कॉफीचे दोन कप, दोन्ही भरलेले, दोन्हींवर साय धरलेली. सीत्से खुर्चीवर बसला होता. त्याच्या समोरच्या खुर्चीवर येल्त्ये. दोघंही काही करत नव्हते.

"अगंबाई, रंगवाल्या बाई!" येल्त्ये म्हणाली. "या ना."

"मी खोटं बोलले," हिस्के दारातूनच म्हणाली. "एप्रिलमध्ये. साधी सूज नव्हती. त्याच्यात काहीच नव्हतं, एकही केंद्रक नव्हतं. मला माहीत होतं आणि मी माझ्या बाटलीसाठी, माझ्या दोन वर्षांसाठी तुम्हाला खोटं सांगितलं. आणि आता तुमचा काप आलाय. उठा. आत्ता उठा, माझ्याबरोबर चला. तुम्ही अजून अर्ध्या..."

"असू दे हो," येल्त्ये म्हणाली.

"असू दे?"

"तुमचा काय दोष? होतं असं. सीत्से, बाई वाऱ्यातून आल्या बघ." तिचा आवाज गोड होता. हिस्केने तो आधी कधी ऐकला नव्हता.

"अहो, मी तुमचं वाटोळं केलं!" हिस्के आत धावली. तिने येल्त्येचे खांदे धरून हलवले. "शिव्या द्या मला! त्या दिवशी काचेवर मूठ आपटली होतीत, तशी आपटा! भांडी फोडा! तुम्ही म्हणाला होतात भांडी फोडेन म्हणून!" तिने स्वतःच एक कप उचलला आणि भिंतीवर फोडला. गार कॉफीचा ओघळ खाली आला.

येल्त्ये त्या ओघळाकडे बघून हसली. रागाची एक रेघ तिच्या चेहऱ्यावर उमटली नाही. हिस्के ती रेघ शोधत होती. भुवयांत, ओठांच्या कोपऱ्यात, डोळ्यांत, सूक्ष्मदर्शकात शोधावी तशी. एकदा वाटलं, पापणीपाशी काहीतरी हललं. ते खिडकीतल्या पानाचं प्रतिबिंब होतं.

"बसा," सीत्से म्हणाला. "दमला असाल."

त्याने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. आणि हिस्के खरंच दमलेली होती. एकोणतीस वर्षं ती कुणावर ना कुणावर चिडत आली होती, आणि इथे कुणी चिडत नव्हतं. खोली उबदार होती. वाराही ऐकू येत नव्हता. रूलोफ्सचा चेहरा तिने डोळ्यांसमोर आणून पाहिला. बिचारा, तिच्या मनात आलं, त्याचा तरी काय दोष?

तो विचार पुरता येण्याआधीच ती दाराबाहेर होती.

सायकल तिने धावतच बांधावर चढवली. आता वारा पाठीशी होता, पण तिने त्यालाही सोडलं नाही. मोठमोठ्याने, घसा फाटेपर्यंत ती शिव्या देत निघाली. रूलोफ्सला पटकी येवो, त्याच्या सहीला किडे पडोत. कापूस परत डब्यात टाकणाऱ्या त्या परिचारिकेचा सत्यानाश होवो. टोप्या काढून उभ्या राहिलेल्या गावाला प्लेग होवो. त्या बाटलीला, त्या खिडकीला, त्या रंगाच्या झाडाला आग लागो. आणि हिस्के टेर्प्स्ट्राच्या जिभेला देवी येवोत, त्या रांडेने खोटं सांगितलं, खोटं सांगितलं, खोटं सांगितलं. बांधावरच्या मेंढ्या बाजूला होत होत्या. एक टपालवाला सायकलवरून उतरून बघत राहिला. निम्म्या वाटेत शिव्या संपल्या, तेव्हा राग निवायच्या आत तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.